डबा परदेशाचा, कागद घरचा

कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक कळकते, हे आमच्या आजीबाईंना कोणत्याही प्रयोगशाळेवाचून ठाऊक होते. अन्नाइतकीच पात्राचीही पारख केली पाहिजे, हे त्यांचे घरगुती शहाणपण. तेच आज युरोपीय संघाने कायद्याच्या भाषेत मांडले आहे आणि त्याची झळ कोकणातील कॅनिंगच्या कारखान्यांपर्यंत पोचण्याचा संभव आहे.

पत्र्याच्या डब्यास आतून जो इपॉक्सीचा लेप देतात, त्यातून बिस्फेनॉल-ए हे द्रव्य अल्पांशाने अन्नात उतरू शकते. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने एप्रिल २०२३ मध्ये त्याची दैनिक सह्य मर्यादा वीस हजार पटींनी खाली आणली. पुढे अन्नसंपर्काच्या वस्तूंत त्याच्या वापरास बंदी करणारा नियम २० जानेवारी २०२५ रोजी अमलात आला. बहुतेक वस्तूंना १८ महिन्यांची, तर फळे, भाज्या व मासळी टिकविण्याच्या डब्यांना ३६ महिन्यांची मुदत त्यात दिलेली आहे. बाहेरून येणाऱ्या मालासही हाच नियम लागू आहे.

ही आरोग्याच्या नावाने उभारलेली व्यापाराची भिंत होय, असा आक्षेप अशा वेळी घेतला जातो. तो सर्वस्वी निराधार नाही. प्राधिकरणाच्या निष्कर्षाशी जर्मनीच्याच जोखीम-मूल्यमापन संस्थेने मतभेद नोंदविला होता. अन्नसुरक्षेच्या निर्बंधांस शास्त्रीय आधार हवा, असे जागतिक व्यापार संघटनेचा १९९५ चा करार सांगतो. तेव्हा वाद घालावयाचा तर तो तेथे, पुराव्यानिशी घालावा. परंतु दुसऱ्याच्या नियमावर बोट ठेवणाऱ्याने आपले घरही एकदा पाहावे.

आपल्या देशाचे वेष्टनविषयक नियम २०१८ चे. ते १ जुलै २०१९ पासून अमलात आले. खाद्यपदार्थ वृत्तपत्राच्या कागदात बांधण्यास त्यांनी मनाई केली आहे. तरीही आजचा हा अग्रलेख उद्या एखाद्या गरम वडापावाभोवती गुंडाळलेला आढळला, तर कोणास नवल वाटणार नाही. शाईतील अपायकारक द्रव्ये उष्ण व तेलकट पदार्थात सहज उतरतात. म्हणून ही गोष्ट आम्हांस आता विनोदाची वाटत नाही.

लहान कारखानदार डबा स्वतः बनवीत नाही. तो विकत घेतो. आतील लेप कशाचा आहे हे त्यास डोळ्यांनी दिसत नाही आणि तपासणीचा खर्च पेलत नाही. म्हणून परवडणाऱ्या दरात चाचणी करून देणाऱ्या प्रयोगशाळा उत्पादनकेंद्रांजवळ उभारणे हे शासनाचे कर्तव्य आहे. डबे पुरविणाऱ्यांकडून लेपाचे लेखी प्रमाणपत्र मागणे, हे कारखानदारांच्या संघांनी एकजुटीने करावयाचे काम आहे. आणि वाचकांनी? त्यांनी विक्रेत्याकडे कोरा कागद मागावा, नाहीतर घरून डबा न्यावा. परक्या ग्राहकाच्या प्रकृतीसाठी आपण जी दक्षता घेऊ, ती घरच्या मुलांच्या वाट्यास आली नाही, तर त्या निर्यातीचा अभिमान कोणी आणि कशासाठी बाळगावयाचा?