खाणीशेजारची विहीर

चंद्रपूर जिल्ह्याला कोळशाने रोजगार दिला आणि राज्याला वीज दिली. वरोरा येथे इंग्रजी अमदानीतच कोळशाची खाण सुरू झाली होती. आज घुग्घुस, माजरी, दुर्गापूर, सास्ती असा वर्धा नदीच्या खोऱ्यातील मोठा पट्टा खाणींचा म्हणून ओळखला जातो. या पट्ट्यातील अनेक कुटुंबे विहिरींवर आणि हातपंपांवर अवलंबून आहेत. त्यांच्या पाण्याची तपासणी कोणी, केव्हा आणि कोणासाठी करावी, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

खाण आणि विहीर यांचे नाते जमिनीखालून जुळलेले असते. या खोऱ्यात कोळशाच्या थरांच्या वर ‘कामठी’ नावाने ओळखला जाणारा वालुकाश्म आढळतो. त्याच्या सच्छिद्र थरांत पाणी साठते. खाण खोल गेली की तीत झिरपणारे पाणी पंपाने सतत उपसावे लागते आणि आसपासची भूजल पातळी खालावते. विहीर आटली तर ते डोळ्यांना दिसते. पाणी बिघडले तर मात्र पुष्कळदा दिसतही नाही आणि चवीलाही कळत नाही. कोळशासोबत असलेल्या गंधकयुक्त खनिजांना हवा व पाणी मिळाले की त्यांपासून आम्ल व सल्फेट तयार होतात. खाणीबाहेर रचलेल्या माती-दगडांच्या ढिगाऱ्यांतून पावसाचे पाणी हे क्षार घेऊन जमिनीत मुरते. विदर्भातील कोळशात गंधकाचे प्रमाण कमी असल्यामुळे मेघालयातील खाणींसारखे तीव्र आम्लयुक्त पाणी येथे सहसा आढळत नाही. परंतु तेवढ्यावरून निर्धास्त होणे योग्य नव्हे. भूजल इतके संथ वाहते की आज मुरलेला दोष विहिरीत उमटायला काही वर्षेही लागू शकतात.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील ८८ औद्योगिक क्षेत्रांचे मूल्यमापन केले, तेव्हा चंद्रपूर चौथ्या क्रमांकाचे प्रदूषित क्षेत्र ठरले होते. त्यामागे केवळ खाणीच होत्या असे नाही. पण ज्या जिल्ह्याची अशी नोंद झाली, तेथे पाण्यावर अधिक बारीक लक्ष असावे, ही अपेक्षा रास्त आहे. कोळसा खाणींना पर्यावरणविषयक मंजुरी देताना भूजलाची पातळी मे, ऑगस्ट, नोव्हेंबर व जानेवारी अशी चार वेळा मोजावी आणि गुणवत्ता मे महिन्यात तपासावी, अशी अट सामान्यतः घातली जाते. पातळी चार वेळा आणि गुणवत्ता एकदाच! ढिगारे धुऊन निघतात ते पावसाळ्यात. त्यानंतरच्या पाण्याचा नमुना घेतलाच नाही, तर तपासणी अपुरी राहते.

दुसरी अडचण फ्लोराइडची. चंद्रपूर जिल्ह्याच्या काही भागांत ते खडकांतूनच पाण्यात उतरते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. त्याहून अधिक फ्लोराइड दीर्घकाळ पोटात गेल्यास दात डागाळतात, हाडे ठिसूळ व वेदनामय होतात. अशा गावात लोकांनी खाणीकडे बोट दाखवावे आणि खाणीने खडकाकडे, असा वाद सहज उभा राहतो. खाण सुरू होण्यापूर्वीची नोंद हाती असेल तरच तो मिटण्याची आशा असते. जुन्या खाणींजवळ अशी नोंद नसेल, तर त्याच खडकातील पण खाणीपासून दूर असलेल्या विहिरीशी तुलना करावी लागते.

अहवाल तयार होतो, परंतु तो गावकऱ्यांना समजेल अशा मराठीत विहिरीजवळ लावला जात नाही तोवर त्याचा त्यांना काय उपयोग? तारीख, आढळलेले प्रमाण, मर्यादा आणि ‘हे पाणी प्यावे की नाही’ इतके चार रकाने पुरेसे आहेत. लोक घाबरतील, ही शंका फारशी पटण्यासारखी नाही; माहिती मिळाली नाही म्हणूनच अफवा पसरतात. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन अभियानात प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी तपासण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. संचाच्या साहाय्याने त्या जडपणा, फ्लोराइड, नायट्रेट यांचे प्रमाण गावातच पाहू शकतात. जड धातूंसाठी मात्र प्रयोगशाळा लागते. तिचा खर्च खाणीने सोसावा. पण नमुना खाणीच्या माणसांनी एकट्याने घेऊ नये. तो ग्रामस्थांसमोर बाटलीत भरावा, बाटलीवर त्यांची सही असावी आणि निकालाची एक प्रत थेट ग्रामपंचायतीकडे यावी.