गावच्या कामाचा ऑनलाइन ताळेबंद

यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्याचा कारभार पांढरकवड्याहून चालतो. येथील ग्रामपंचायतींच्या कामांचे नियोजन, हिशेब आणि देयके आज ई-ग्रामस्वराज या प्रणालीवर नोंदवली जातात. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाने ती 24 एप्रिल 2020 रोजी सुरू केली. त्याआधी आराखड्यासाठी प्लॅनप्लस, कामाच्या प्रगतीसाठी अ‍ॅक्शनसॉफ्ट आणि लेख्यांसाठी प्रियासॉफ्ट अशी वेगवेगळी सॉफ्टवेअर होती. ती कामे आता एकाच ठिकाणी होतात. क्रम ठरलेला असतो: ग्रामसभेने मंजूर केलेला आराखडा प्रणालीवर चढतो, प्रत्येक कामाला ओळख क्रमांक मिळतो, काम सुरू होण्यापूर्वी, चालू असताना आणि पूर्ण झाल्यावर स्थळनोंदीसह छायाचित्रे घेतली जातात. पैसे देताना एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने ती तपासून डिजिटल स्वाक्षरीने मंजूर करायची असते. रक्कम थेट पुरवठादाराच्या खात्यात जाते. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-22 पासून 60 टक्के निधी पाणी व स्वच्छतेसाठी बांधून दिल्याने बंधित आणि अबंधित खर्चाचा वेगळा हिशेब ठेवावा लागतो. साधन हाती आले तरी ते वापरता यायला हवे. सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी सप्टेंबर 2020 मध्ये मिशन कर्मयोगीला मंजुरी मिळाली. त्यातील आयगॉट व्यासपीठावर कामकाजाचे छोटे अभ्यासक्रम सवडीने पूर्ण करता येतात. मात्र नोंद वेळेवर होण्यासाठी इंटरनेट जोडणी, अखंड वीज आणि सरावलेला संगणक परिचालक या तिन्हींची गरज असते.