चोरी मूर्तीची, परीक्षा विश्वासाची

चोरीपटातलं प्रेमप्रकरण म्हणजे तिकीटबारीसाठी लावलेलं ठिगळ, असं म्हणणाऱ्यांनी विल्यम वायलरचा १९६६चा ‘हाऊ टू स्टील अ मिलियन’ पाहावा. पॅरिसच्या संग्रहालयात, झाडू-बादल्यांच्या अडगळीत ऑड्री हेपबर्न आणि पीटर ओटूल दाटीवाटीने लपतात. पहारेकरी बाहेरून कुलूप लावतो आणि ओटूल भिंतीआडची किल्ली लोहचुंबकाने सरकवत आणतो. जी मूर्ती चोरायला ते आलेत, ती नकली आहे हे तिने त्याला सांगितलेलं नाही, त्याला मात्र ते ठाऊक आहे. तरी तो चोरी करतो, आणि का, हेच खरं रहस्य. प्रेम वगळलं तर उरते ती निव्वळ किल्ल्यांची कसरत. प्रेमाच्या मुलाम्याने गुन्हा गोंडस होतो, ही तक्रार मान्य; ‘द थॉमस क्राउन अफेअर’मधला श्रीमंत माणूस हौसेखातर बँक लुटवतो, तिथे ती चपखल बसते. इथे मात्र मुलगी पळवते ती आपल्याच घरची नकली मूर्ती, तीही तपासणीत बापाचं बिंग फुटू नये म्हणून!