बुद्धिबळाचा पट : राजाला आधी घर हवे

जळगाव जिल्ह्यातील पहूरहून एक वाचक विचारतात, "किल्लेकोट लवकर करा, असा आग्रह कशासाठी? आमचे आजोबा देशी पद्धतीने खेळतात. त्यांचा राजा किल्ल्यावाचून सुखरूप असतो!"

प्रश्न रास्त आहे. पण आजोबांच्या राजाला एक सवलत असते. शह बसण्यापूर्वी एकदाच त्याला घोड्याप्रमाणे अडीच घरे उडी मारता येते. विलायती पद्धतीत ही उडी नाही. तिच्या जागी किल्लेकोट आहे. तो राहून गेला म्हणजे काय होते, हे पट मांडून पाहा.

हेस्टिंग्ज, १७ ऑगस्ट १८९५. पांढरी मोहरी स्टाइनिट्झ यांची, काळी फॉन बार्डेलेबेन यांची. स्टाइनिट्झ तेव्हा ५९ वर्षांचे; आदल्याच वर्षी लास्करने त्यांचे जगज्जेतेपद हिरावले होते. सुरुवात जुनी इटालियन, नाव 'जिओको पियानो', म्हणजे शांत खेळ!

१. ई४ ई५ २. घो-एफ३ घो-सी६ ३. उं-सी४ उं-सी५ ४. सी३ घो-एफ६ ५. डी४ ई×डी४ ६. सी×डी४ उं-बी४+ ७. घो-सी३ डी५ ८. ई×डी५ घो×डी५ ९. ०-० उं-ई६ १०. उं-जी५ उं-ई७ ११. उं×डी५ उं×डी५ १२. घो×डी५ व×डी५ १३. उं×ई७ घो×ई७ १४. ह-ई१

इथेच मेख आहे. आता किल्लेकोट करावा तर ई७ वरचा घोडा फुकट जातो. राजा मधोमध अडकला.

१४… एफ६ १५. व-ई२ व-डी७ १६. ह(ए)-सी१ सी६ १७. डी५!

घोड्याला डी४ चे घर मिळावे म्हणून प्याद्याचे बलिदान.

१७… सी×डी५ १८. घो-डी४ रा-एफ७ १९. घो-ई६ ह(एच)-सी८ २०. व-जी४ जी६ २१. घो-जी५+ रा-ई८ २२. ह×ई७+!

पांढऱ्याची चारही मोहरी मारात उभी आहेत, पण काळ्याला एकही पचत नाही. वजिराने हत्ती मारला, तर सी८ वर मारामारी होऊन पांढऱ्याचा घोडा जास्तीचा उरतो.

२२… रा-एफ८ २३. ह-एफ७+ रा-जी८ २४. ह-जी७+ रा-एच८ २५. ह×एच७+

बार्डेलेबेन काही न बोलता उठले आणि सभागृहाबाहेर निघून गेले. घड्याळ चालूच राहिले. स्टाइनिट्झ यांनी मग प्रेक्षकांना पुढच्या दहा चालींतील मात मांडून दाखवली.

ती मात पहूरच्या आजोबा-नातवांनी फराळ आटोपल्यावर मिळून शोधावी. एवढीच खूण देतो : २७व्या चालीला पांढरा वजीर एच४ वर येतो. आणि पुढचा डाव मांडाल तेव्हा आधी राजाचे घर पाहा, पराक्रम मागाहून.