गोल्फचे मैदान आणि चालायला जागा

मधुमेहाच्या ओपीडीत डॉक्टर गोळ्या लिहून देतात आणि शेवटी सांगतात, ‘रोज अर्धा तास भरभर चाला.’ कल्याण-डोंबिवलीत त्यावर हमखास येणारा प्रश्न असतो, ‘डॉक्टर, चालू कुठे?’ ही टाळाटाळ नसते. पहाटेची लोकल धरणारा माणूस रात्री नऊला स्टेशनबाहेर येतो. पदपथावर दुचाक्या आणि टपऱ्या, रस्त्यावर रिक्षा. काळ्या तलावाजवळ राहणाऱ्याला तलावाभोवती फेरी मारता येते. कोळसेवाडीत राहणाऱ्या, गुडघे दुखणाऱ्या पासष्टीच्या आजींना तिथवर जाणेच जमत नाही.

या प्रश्नाच्या उत्तरासाठी गोल्फकडे पाहावे, असे कोणी सांगितले तर हसू येईल. गोल्फ म्हणजे उद्योगपती आणि बडे अधिकारी यांचा खेळ, ही आपली समजूत. ती चुकीची नाही, पण अर्धीच आहे. स्कॉटलंडच्या संसदेने १४५७ साली या खेळावर बंदी घातली, कारण लोक धनुर्विद्येचा सराव सोडून त्यातच रमू लागले होते. म्हणजे तेव्हा तो सर्वसामान्यांतही पसरलेला होता. गोल्फची पंढरी मानले जाणारे सेंट अँड्र्यूजचे ‘ओल्ड कोर्स’ आजही सार्वजनिक जमिनीवर आहे. तिथे एरवी रविवारी खेळ बंद असतो. त्या दिवशी गावातली माणसे मुलाबाळांना, कुत्र्यांना घेऊन त्याच हिरवळीवर फिरतात.

समुद्रकाठच्या वाळूच्या टेकाडांवरचा हा खेळ पुढे गावाशेजारच्या झाडीत, कुरणांत आला. अशा मैदानाला ‘पार्कलँड’ म्हणतात : दुतर्फा झाडे, मध्ये गवताची लांब पट्टी, एखादे तळे. न्यूयॉर्क शहराने १८९५ मध्ये व्हॅन कोर्टलँड पार्क या सार्वजनिक उद्यानात नागरिकांसाठी असे मैदान सुरू केले. सभासद नसलेल्या माणसालाही तिथे खेळता येऊ लागले.

भारतात मात्र गोल्फ आला तो साहेबाबरोबर. कोलकात्याचा क्लब १८२९ चा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना. मुंबईत गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या नावाचा क्लब निघाला, तो हिंदी लोकांनाही प्रवेश देणारा म्हणून वेगळा ठरला. इतर अनेक क्लबांची दारे तेव्हा त्यांना बंद होती. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ चा. गोरे गेले, फाटक राहिले. आधी ते कातडीचा रंग पाहून उघडायचे, नंतर सभासदत्वाची फी पाहून.

या पार्श्वभूमीवर आपल्याच जिल्ह्याच्या शेजारचे एक मैदान महत्त्वाचे ठरते. सिडकोने खारघरच्या डोंगरपायथ्याशी, सेंट्रल पार्कला लागून ‘खारघर व्हॅली गोल्फ कोर्स’ उभारले. पुढे ते १८ होलपर्यंत वाढवण्याचे कामही हाती घेतले. सभासद नसलेल्यानेही शुल्क भरून खेळावे, ही त्यामागची कल्पना. शुल्क सर्वांना परवडेल असे नाही, पण सरकारी संस्थेने सार्वजनिक जमिनीवर अशी सोय केली, हेही आपल्याकडे नवे होते.

डॉक्टरच्या नजरेने पाहिले, तर गोल्फमधला चेंडू हे चालण्याचे निमित्त आहे. १८ होलचा पूर्ण डाव पायी खेळला की चार-पाच तासांत आठ-दहा किलोमीटर चालणे होते. चढ-उतार असतात, मध्ये थांबणे असते, पायाखाली डांबराऐवजी गवत असते. लक्ष चेंडूकडे असल्याने आपण किती चाललो, हे माणूस विसरतो. सत्तरीतही खेळता येतो आणि ‘हँडिकॅप’च्या पद्धतीमुळे नवशिक्या व मुरलेला खेळाडू एकत्र खेळू शकतात. व्यायाम टिकण्यासाठी सोबत लागते, ती इथे आपोआप मिळते.

स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का संस्थेच्या संशोधकांनी तीन लाखांहून अधिक गोल्फ खेळाडूंच्या नोंदी तपासल्या. त्याच वयाच्या, लिंगाच्या आणि सामाजिक स्तराच्या इतरांच्या तुलनेत त्यांचा मृत्युदर सुमारे ४० टक्के कमी आढळला. तरी इथे सावध राहायला हवे. जो आधीच धडधाकट आहे, तोच गोल्फ खेळायला जातो, त्यामुळे सारे श्रेय खेळाला देता येणार नाही. पण एक बाब विचार करायला लावते : हा फरक अंगमेहनतीची कामे करणाऱ्या वर्गात सर्वांत मोठा होता. फिनलंडमधल्या २०२३ च्या एका छोट्या अभ्यासात ६५ वर्षांपुढच्या खेळाडूंना कधी गोल्फ खेळायला, कधी सहा किलोमीटर चालायला, तर कधी काठ्या घेऊन चालायला लावले. तिन्ही प्रकारांत रक्तातील साखर व चरबी यांवर चांगला परिणाम दिसला. म्हणजे गुण चालण्याचा आहे, महागड्या काठीचा नाही. बॅटरीच्या गाडीत बसून खेळणाऱ्याने हे विशेष लक्षात ठेवावे.

गोल्फच्या मैदानाचे तोटेही आहेत. त्या गवताला भरपूर पाणी लागते. ते प्रक्रिया केलेले सांडपाणीच असावे. कीडनाशकांचा प्रश्नही आहे. अमेरिकेत २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गोल्फ कोर्सजवळ राहणाऱ्यांमध्ये पार्किन्सन्सचे प्रमाण अधिक आढळले. त्यावरून कीडनाशकेच कारणीभूत आहेत, असे सिद्ध होत नाही. तरी सार्वजनिक मैदानावर काय फवारले जाते, हे नागरिकांना कळायलाच हवे.

मग कल्याणला गोल्फ कोर्स हवे का? नको. २०११ च्या जनगणनेतच सुमारे साडेबारा लाख लोकसंख्या असलेल्या, मोकळ्या जागेला भुकेल्या या शहरात काही शेकडा खेळाडूंसाठी एवढी जमीन देणे परवडणारे नाही. पण गोल्फच्या इतिहासातल्या दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत.

पहिली, सेंट अँड्र्यूजचा रविवार. खारघरसारख्या सार्वजनिक जमिनीवरच्या मैदानात आठवड्यातून एक सकाळ खेळ पूर्ण थांबवावा आणि ते चालणाऱ्यांना विनाशुल्क खुले करावे. उडत्या चेंडूचा धोका असल्याने खेळ आणि फेरफटका एकाच वेळी नको. वार ठरवून दिला की झाले.

दुसरी, न्यूयॉर्कचा धडा : मोकळी जागा राखायची ती सर्वांच्या वापरासाठी. कल्याणचे सुभाष मैदान असो, फडके मैदान असो की डोंबिवलीचे क्रीडा संकुल, प्रत्येकाच्या कडेने मऊ मातीची चालवाट असावी. ती पहाटे पाचपासून आणि रात्री दहापर्यंत उघडी असावी, कारण लोकलने जाणाऱ्या-येणाऱ्या माणसाला मधल्या वेळेचा उपयोग नाही. पुरेसा उजेड, दर शंभर पावलांवर एक बाक आणि स्वच्छ स्वच्छतागृह हवे. ते नसेल तर बायका आणि वृद्ध येत नाहीत. मैदानात सभा किंवा प्रदर्शन असले, तरी ही वाट अडू नये. शाळांची पटांगणेही शाळा भरण्यापूर्वी तासभर परिसरातल्या लोकांना खुली करता येतील.

हे लाड नव्हेत. आयसीएमआरच्या मदतीने झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेहाचे सुमारे १० कोटी रुग्ण आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अंदाजानुसार देशातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत आणि त्यात स्त्रियांचे प्रमाण पुरुषांहून जास्त आहे. प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालण्याइतका व्यायाम हवा. तो एकदम करणे जमत नसेल, तर दहा-दहा मिनिटांचे तुकडेही चालतात. पण त्या दहा मिनिटांनाही जागा लागते. गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. चालायची जागाही तशीच मिळाली पाहिजे. प्रभागातल्या नगरसेवकाकडे रस्ता आणि पाणी मागताना हीही मागणी नोंदवावी. मग डॉक्टरांनी ‘चाला’ म्हटल्यावर कोळसेवाडीतल्या आजींना ‘कुठे?’ असे विचारावे लागणार नाही.