बुडालेली सायकल आणि अर्धा लिटर डिझेल

सांगलीत पाऊस लागला की माणसं एकमेकांची ख्यालीखुशाली विचारत नाहीत. 'आयर्विनला किती?' एवढंच विचारतात. कृष्णेवरच्या 1929 सालच्या त्या पुलाजवळ पाणी 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका, आणि 2019 साली पाणी 57 फुटांच्या पुढं गेलं ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो. यंदा तसलं काही झालं नाही. पाणी चाळिशीच्या आसपास घुटमळलं, नाल्यातून उलटं फिरून आमच्या सखल गल्लीत आलं, मुक्काम करून निघून गेलं. एकही टीव्हीवाला फिरकला नाही. माझं बुडालं काय, तर जिन्याखालची सायकल. सामान माळ्यावर चढवायच्या धांदलीत गादी, मिक्सर, बायकोची शिलाई मशीन, सगळ्यांचा नंबर लागला. सायकलीचा लागला नाही.

पण मला राग आला तो पुराचा नाही, भाच्याचा. माझी ही सायकल म्हणजे काय चीज आहे हे वाचकांना माहीत आहे. तिच्या घंटीवर मी एक अख्खा लेख खर्ची घातलेला आहे. तर पाणी उतरल्यावर भाचा मला न सांगता ती घेऊन गेला आणि गाड्या धुतात त्या सेंटरवर मोटरच्या फवाऱ्यानं धुऊन घेऊन आला. साबणाचा फेस काय, टायरला काळं पॉलिश काय! दारात उभी करून म्हणतो, "मामा, बघा, शोरूमचा पीस!"

सायकल चकाकत होती यात वाद नाही. मडगार्डमध्ये माझं कपाळाला हात लावलेलं ध्यान स्वच्छ दिसत होतं. मी म्हटलं, "अरे, बाहेरचा चिखल काढलास ते ठीक. आत किती पाणी मारलंस?" तो म्हणाला, "आत म्हणजे कुठं?"

आत म्हणजे कुठं ते एकदाच सांगतो. सायकलीची नळी पोकळ असते. पाणी सीटच्या दांड्यातून उतरतं आणि तळाशी पायडलच्या जोडापाशी, म्हणजे बीबीपाशी, साठून राहतं. म्हणून आधी सीट दांड्यासकट उपसून काढायची आणि सायकल उलटी करायची. दोन्ही चाकांचे हब, बीबी आणि हँडलचे कप खोलायचे, कारण गाळ तिथं ग्रीसमध्ये मुरलेला असतो आणि त्यावर पायडल मारणं म्हणजे छर्रे पॉलिश पेपरवर घासणं. चिखल साध्या पाइपनं धुवायचा, जोराच्या फवाऱ्यानं नव्हे. चेन धुऊन, पूर्ण वाळवून मगच तेल. कातडी सीट असेल तर सावलीत वाळवायची, उन्हात तडकते. आणि हे सगळं पाणी उतरल्या उतरल्या करायचं. लोखंड पाण्याखाली असेपर्यंत त्यातल्या त्यात बरं असतं. ओलं अंग घेऊन हवेत आलं की गंज धरायला लागतो. बॅटरीवरची सायकल असेल तर तिला चार्जरच्या जवळही नेऊ नका. झालं.

हे भाच्याला सांगितलं, आणि कसं कोण जाणे, गल्लीभर पसरलं. सांगलीत पुराच्या दिवसांत प्रत्येक माणूस पाटबंधारे खात्याचा निवृत्त अधिकारी असल्यासारखा बोलतो. कोयनेतून किती क्युसेक सोडले आणि अलमट्टीत किती अडवले, हे चहाच्या गाडीवर दशांश चिन्हासह ठरतं. पाणी ओसरलं की तीच मंडळी मेकॅनिक होतात. एकानं सांगितलं, सायकल तांदळाच्या पोत्यात ठेवा; मोबाइल वाचतो तर सायकल का नाही वाचणार? दुसऱ्यानं डब्ल्यूडी-40 चा डबा आणून दिला आणि सगळ्या फटींत फवारायला सांगितलं. त्यानं पाणी हटतं हे खरं, पण हबमध्ये फवारलं की उरलंसुरलं ग्रीसही पातळ होऊन वाहून जातं, हे त्यांना कोण सांगणार? तिसरे आमचे बँकेतले स्नेही. ते म्हणाले, "भंगारात टाका आणि नवी घ्या की! असं कितीचं सोनं आहे त्यात?"

मला हेच ऐकवत नाही. माझी सायकल ॲटलासची आहे. त्या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020 ला बंद पडला, आणि 3 जून हा जागतिक सायकल दिन. मुहूर्त काढणाऱ्याची कमाल आहे! आता नवी घ्या म्हणजे कुठून घ्या? शोरूममध्ये गेलं की एकवीस गिअरची, मडगार्ड नसलेली, स्टँड नसलेली, कॅरिअर तर नाहीच नाही, अशी काहीतरी वस्तू पुढं करतात. पावसात तिच्यावरून मंडईत जाऊन या. पाठीवर चिखलाचा पट्टा उमटतो आणि मेथीची जुडी दातांत धरून आणावी लागते.

तर अण्णांना बोलावलं. अण्णांचं सायकलीचं दुकान, म्हणजे एक पत्र्याचं खोकं, तेही पाण्यात होतं. त्यामुळं ते पिशवीत पाने घालून घरीच आले. चकाकती सायकल बघून म्हणाले, "लई नटवलीया, सर." मग सीट उपसली, सायकल उलटी केली, आणि नळीतून तांब्याभर तपकिरी पाणी माझ्या अंगणात सांडलं. भाचा बघत होता. मी काही बोललो नाही. बोलायची गरजच नव्हती.

डावं पायडल काढायला भाचा पुढं सरसावला. जोर लावला, लाल झाला, पाना सटकून बोटं सोलून घेतली. अण्णांनी पाना हातात घेतला आणि उलट्या बाजूला फिरवला. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, एरवी चालवता चालवताच ते सुटून यायचं. मागच्या चाकाचा कोन सैल केल्यावर आतून जे बाहेर आलं त्याला ग्रीस म्हणणं कठीण होतं. पांढरट, दुधाळ, मध्ये कृष्णेच्या काळ्या मातीची रेघ. अण्णांनी बोट घालून एकेक छर्रा काढला. मागच्या चाकाला दोन्हीकडं नऊ-नऊ जाड, पुढच्याला दहा-दहा बारीक. अंगठ्यावर घोळवून उजेडाकडं धरला की कुठल्या छऱ्याला डाग पडलाय ते त्यांना कळतं. मला चष्मा लावूनही कळलं नाही. मग म्हणाले, "सर, रॉकेल द्या वाटीभर."

इथं सायकल बाजूला राहिली. वाचकहो, या शहरात वाटीभर रॉकेल मिळवून दाखवा! रेशनवरचं रॉकेल आमच्याकडं बंद होऊन जमाना झाला. दुकानदार माझ्याकडं, मी त्याला चिमणीच्या काचा मागितल्यासारखा बघत राहिला. एकेकाळी आमच्या आईची अर्धी दुपार ज्या रांगेत जायची, त्या रांगेचा मागमूस नाही, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा त्या रांगेत उभं राहावंसं वाटलं. रंगाच्या दुकानात थिनर मिळालं असतं, पण अण्णा म्हणाले त्यानं सायकलीचा रंगच जाईल. "मग डिझेल आणा."

पंपावर गेलो. बाटलीत देत नाही म्हणाले. नियम आहे. मी त्यांना समजावलं की मला गाडी चालवायची नाही, छर्रे धुवायचेत. पंपावरच्या पोरानं माझ्याकडं बघितलं, मग साहेबाकडं बघितलं. साहेब म्हणाले, "काका, गाडी घेऊन या, टाकीत भरतो, घरी जाऊन काढून घ्या." माझी गाडी म्हणजे सायकल, आणि ती अंगणात उलटी पडलेली. बरं, ज्यांची मोटारसायकल आहे त्यांना डिझेलचा उपयोग नाही, आणि ज्यांची डिझेलची गाडी आहे ते अर्ध्या लिटरसाठी टाकीत नळी घालून तोंडानं ओढायला तयार नाहीत. इकडं घरी बायको विचारतेय, अण्णांना दिलेली ती स्टीलची वाटी नेमकी कोणती होती. मी म्हटलं, साधीच. ती म्हणाली, "साधी म्हणजे कोणती? श्रीखंडाची?" अण्णा खाली मान घालून चेन पुसत होते.

शेवटी सांगलवाडीच्या पाहुण्यांकडं ट्रॅक्टर आहे हे आठवलं. त्यांनी कॅनमधनं अर्धा लिटर ओतून दिलं, पैसे घेतले नाहीत. फक्त म्हणाले, "दाजी, तुम्ही पेपरात लिहिता न्हवं? नदीकाठची आमची पाण्याची मोटर गेली गाळात, त्याचं कोण विचारंना. त्याच्यावर लिवा की." आता डिझेल घेतलंय म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? तेव्हा पुढच्या आठवड्यात मोटर. सायकल अण्णा गुरुवारी जोडून देतो म्हणालेत, पण मागच्या चाकाचे तीन छर्रे नवे घालावे लागणार आहेत आणि तसले छर्रे मिरजेशिवाय मिळत नाहीत, असं त्यांचं म्हणणं आहे.