वाटा मोडू नयेत

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीने मराठ्यांच्या दुर्गपरंपरेला जागतिक वारशाचा मान दिला. महाराष्ट्रातील अकरा आणि तामिळनाडूतील जिंजी असे बारा किल्ले ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या एकाच नावाखाली त्या सूचीत समाविष्ट झाले. शिवजन्माचा साक्षीदार असलेला शिवनेरी त्यांत आहे, राज्याभिषेक पाहिलेला रायगडही आहे. प्रत्येक मराठी मनाला अभिमान वाटावा अशीच ही घटना. मात्र या गौरवाच्या नावातच एक जबाबदारीही सांगितलेली आहे. मान मिळाला तो सुट्या बारा वास्तूंना नव्हे, एका भूप्रदेशाला. भूप्रदेश म्हटला की त्यात डोंगर आले, खिंडी आल्या, गावे आली आणि या सर्वांना जोडणाऱ्या वाटाही आल्या. सह्याद्रीतील कितीतरी किल्ले वाटांवर पहारा ठेवण्यासाठीच उभे राहिले. आज पहारेकऱ्याचा सत्कार होत आहे आणि ज्या वाटेसाठी तो उभा होता, ती वाट मात्र कारवीच्या रानात मोडून चालली आहे.

‘वाट मोडली’ हा शब्दप्रयोग सह्याद्रीच्या कुशीतील गावांत नित्याचा आहे. माणसांची आणि गुरांची ये-जा थांबली की दोन-चार पावसाळ्यांत वाटेवर गवत आणि झुडपे माजतात, दरडीचे दगड येऊन पडतात, पाणी नवा ओहोळ पाडते. मग केवळ म्हातारी माणसेच बोट दाखवून सांगू शकतात की येथून वाट होती. ती माणसे गेली की वाट दुसऱ्यांदा मोडते, आणि या वेळी ती कायमची मोडते. आज अनेक घाटवाटा या दोन मोडण्यांच्या मधल्या अवस्थेत उभ्या आहेत. प्रश्न तातडीचा आहे तो यासाठी.

जुन्नरजवळच्या नाणेघाटाचे उदाहरण घ्यावे. कोकणातील वैशाखऱ्याच्या बाजूने चढून घाटघरच्या पठारावर येणारी ही वाट दोन हजार वर्षांहून अधिक जुनी आहे. कल्याण आणि सोपारा या बंदरांना जुन्नर, पैठण आणि तेरशी जोडणाऱ्या व्यापाराचा हा एक प्रमुख दुवा होता. घाटमाथ्याशी खोदलेल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिका हिचा प्रसिद्ध ब्राह्मी लेख आहे. धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि लोकपाल यांना वंदन करून हा लेख सुरू होतो आणि अश्वमेधासह अनेक यज्ञांची व त्यांत दिलेल्या दक्षिणेची नोंद करतो. गायी, घोडे, हत्ती आणि कार्षापण नाणी यांचे आकडे त्यात कोरलेले आहेत. भारतीय अंकलेखनाच्या अगदी जुन्या पुराव्यांत या लेखाची गणना होते आणि पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी त्यातील अंकांचा अभ्यास करून तो विद्वानांपुढे मांडला. याच लेण्यात सिमुक सातवाहन, नागनिका, सातकर्णी आदींच्या प्रतिमा होत्या. आता वर त्यांची नावे आणि खाली पावलांच्या खुणा, एवढेच उरले आहे.

एखाद्या राजघराण्याने आपल्या यज्ञांची आणि दानाची कीर्ती कोरण्यासाठी अशी जागा का निवडावी? हजारो लोकांचे पाय जेथून जात होते, ती जागा म्हणजे त्या काळचा राजदरबाराबाहेरचा दरबार होता. व्यापारी, यात्रेकरू, भिक्षू, सैनिक असे सारेच तेथे विसाव्याला थांबत. वाटेवर खडकात कोरलेली पाण्याची टाकी त्याची साक्ष देतात. जुन्नर परिसरातील लेण्यांमध्ये कारागिरांच्या श्रेणींनी आणि यवन दात्यांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत. ही सारी वर्दळ सह्याद्रीच्या अशाच घाटांनी वाहिली. पुढे जीवधन, चावंड, हडसर आणि शिवनेरी हे किल्ले याच मार्गाच्या आसपास नांदले. शिवनेरी आज जागतिक वारसा आहे, नाणेघाटातील लेणे संरक्षित आहे, पण त्या दोहोंमधील आणि घाटाखालील जुन्या मार्गाचे काय?

या ठिकाणी लोकस्मृती मदतीला येते. घाटमाथ्यावर दगडात घडवलेला एक मोठा रांजण आहे. वाटसरूंकडून घेतलेली जकातीची नाणी त्यात टाकत, असे परिसरातील माणसे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली आहेत आणि घाटाचे नावही त्याच आठवणीशी जोडले जाते. नागनिकेच्या लेखात यज्ञ आणि दान यांचा उल्लेख आहे, जकातीचा नाही. म्हणजे राजाने दगडावर जे कोरले नाही, ते लोकांनी नावात आणि कथेत जपले. अशी स्मृती जशीच्या तशी पुरावा म्हणून स्वीकारता येत नाही, हे खरे. तिच्यात भर पडते, काळ मागेपुढे होतो, एका घाटाची कथा दुसऱ्या घाटाला चिकटते. परंतु कोठे शोधावे, हे ती अचूक सांगते. टाके, पायऱ्या, चौथरा, वीरगळ, खिंडीतला शेंदूर लावलेला दगड यांपर्यंत संशोधकाला नेऊन सोडते ती गावातल्या वृद्धाची आठवणच.

बोरघाटात या स्मृतीचे आणखी एक रूप भेटते. मुंबई-पुणे मार्गावरील शिंग्रोबाच्या मंदिरापाशी आजही कित्येक वाहनचालक क्षणभर हात जोडतात, नाणे वाहतात. इंग्रजांना घाटातून मार्ग सापडत नव्हता, तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने तो दाखविला आणि त्याचे बक्षीस म्हणून त्याला मृत्यू मिळाला, अशी ही कथा आहे. तिचे पाठभेद अनेक आहेत आणि ती लोकांच्या तोंडची आहे, दप्तरातील नव्हे. पण तिच्या गाभ्यातील सत्य नाकारता येणार नाही. डोंगराची नस ज्याला ठाऊक होती तो माणूस तिथला मेंढपाळ होता. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि त्याचे श्रेय गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या नावे नोंदले गेले. समाजाने मात्र गव्हर्नराचे देऊळ बांधले नाही. ज्याने वाट दाखविली त्याचे बांधले. कृतज्ञतेची ही रीत या मातीतील आहे.

त्या १८३० सालच्या रस्त्यावरचा अमृतांजन पूल एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या शांततेत, स्फोट घडवून पाडण्यात आला. द्रुतगती महामार्गावरील कोंडी आणि अपघात यांचा विचार करता त्या निर्णयामागे कारण होते. तरीही जवळजवळ दोनशे वर्षे उभी असलेली एक खूण काही क्षणांत गेली. पुलाची निदान छायाचित्रे आहेत. ज्या पाऊलवाटांचे एकही छायाचित्र नाही, त्या बुजल्या तर त्यांची बातमीसुद्धा होणार नाही.

जुने घाट ओस पडले ते एका दिवसात नव्हे. शतकानुशतके कोकणातले मीठ बैलांच्या पाठीवरून वर चढत असे आणि देशावरचे धान्य खाली उतरत असे. वंजाऱ्यांचे तांडे या वाहतुकीचा कणा होते. गाडीरस्ता आला, पाठोपाठ १८६३ मध्ये बोरघाटातून आणि १८६५ मध्ये थळघाटातून आगगाडी वर चढली. व्यापाराने रूळ धरले. बैलांची गरज संपली आणि बैलांबरोबर वाटाही मागे पडल्या. आज कल्याणहून जुन्नरला जाणारी वाहने माळशेज घाटाने जातात आणि नाणेघाटाच्या माथ्यापर्यंत जुन्नरकडून डांबरी सडक पोहोचली आहे. पावसाळ्यात वाऱ्याने उलटा उडणारा धबधबा पाहण्यासाठी तेथे गर्दी उसळते. त्या गर्दीतील किती जण पायांखालच्या फरसबंदीकडे पाहतात?

वाटांचे ज्ञान हा केवळ हौसेचा विषय नव्हता, हे महाराष्ट्राच्या इतिहासाने रक्ताने लिहिले आहे. २ फेब्रुवारी १६६१ रोजी उंबरखिंडीत कारतलबखानाच्या मोठ्या फौजेची कोंडी झाली. खानाकडे सैन्य होते, सामग्री होती. त्या रानाची माहिती होती ती मावळ्यांकडे. जुलै १६६० मध्ये पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाताना बाजीप्रभूंनी आणि बांदलांच्या वीरांनी खिंड अडविली, तीही अशाच एका रानवाटेवर. त्या वाटेने आज दरवर्षी पावसाळ्यात तरुणांचे जथे चालतात आणि म्हणूनच ती वाट जिवंत आहे. कर्जतजवळच्या खांडसहून गणेश घाटाने आणि शिडी घाटाने भीमाशंकरला चढणारे भाविक आहेत, म्हणून त्याही वाटा मोडलेल्या नाहीत. पंढरीची वारी हे तर याचे सर्वांत मोठे उदाहरण. रस्ता जपायचा तर त्यावरून चालावे लागते, हे शहाणपण या समाजाला कोणी बाहेरून शिकविलेले नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. जुन्या वाटांचे कौतुक करताना डोंगरातील माणसांच्या कष्टांवर पांघरूण पडता कामा नये. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा तेथे गाडी जाईल असा रस्ता नव्हता. बचावपथकांना चिखलातून, अंधारात, पायवाटेने चढावे लागले. शहरातून येणाऱ्याला जी रम्य पाऊलवाट वाटते, ती आजारी माणसाला डोलीत घालून उतरविणाऱ्यांना तशी वाटत नाही. महादेव कोळी, ठाकर, कातकरी आणि धनगर बांधवांच्या वाड्यांना पक्का रस्ता, शाळा आणि दवाखाना मिळाला पाहिजे, हे निर्विवाद आहे. वाट जपणे म्हणजे वाडीला मागास ठेवणे नव्हे. नवा रस्ता करताना जुन्याच्या पायऱ्या फोडल्याच पाहिजेत, टाकी बुजवलीच पाहिजेत असे मात्र नाही. थोडे भान ठेवले तर दोन्ही साधते.

मग करायचे काय? शासनाकडून अपेक्षा जरूर कराव्यात. जागतिक वारसा लाभलेल्या किल्ल्यांच्या संवर्धनाचे आराखडे होतील, तेव्हा त्यांत किल्ल्याकडे येणाऱ्या जुन्या वाटांचा समावेश झाला पाहिजे. पण प्रत्येक गोष्टीसाठी शासनाच्या तोंडाकडे पाहत बसणे हा कार्यकर्त्यांचा स्वभाव नाही. हे काम समाजाचे आहे आणि त्याला पैसा फारसा लागत नाही. वेळ, पाय आणि ऐकण्याची तयारी लागते.

एका शाळेने, एका गिर्यारोहण संस्थेने किंवा एका वस्तीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी एक घाटवाट निवडावी. दोन्ही टोकांच्या गावांत जाऊन वयोवृद्धांशी बोलावे. लग्नाचे वऱ्हाड कोणत्या वाटेने उतरत असे? म्हशाच्या यात्रेला बैल कोठून नेत? पाणी कोठे मिळे, मुक्काम कोठे पडे, कोणत्या दगडाला पाला वाहिल्याशिवाय पुढे जात नसत? आजीबाईंना अवश्य विचारावे, कारण माहेर-सासरची वाट त्यांच्या पायांनी मोजलेली असते. जे ऐकले ते त्यांच्याच शब्दांत टिपून घ्यावे आणि सांगणाऱ्याची हरकत नसेल तर त्याचे नाव आदराने नोंदवावे. नाळ, दार, सोंड, निसणी हे नुसते शब्द नव्हेत, प्रत्येक शब्द त्या वाटेचा स्वभाव सांगतो. त्यानंतर महसुली गावनकाशा पाहावा. त्यात एकेरी तुटक रेषेने पायमार्ग आणि दुहेरी तुटक रेषेने गाडीमार्ग दाखविलेला असतो. आठवण आणि नकाशा जुळला की एखाद्या जाणत्या माणसाला सोबत घेऊन, त्याच्या श्रमाचे मोल देऊन, ती वाट प्रत्यक्ष चालावी. नोंदीची एक प्रत गावच्या शाळेत आणि एक ग्रामपंचायतीत ठेवावी, म्हणजे गावाची ठेव गावाकडे राहील. खडकावर रंगाचे बाण, नावे आणि सिमेंटच्या पायऱ्या यांचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा.

घाटमाथ्यावरच्या गावांतील तरुण आज नोकरीसाठी कल्याण, ठाणे आणि मुंबईत उतरतो. ज्या वाटेने त्याचा आजा मिठाचे ओझे घेऊन चढला, तिचे नावही त्याच्या मुलांच्या कानांवर पडत नाही. त्यात त्या मुलांचा दोष नाही, त्यांना कोणी सांगितलेच नाही. येत्या दिवाळीच्या सुटीत घराघरांतील मुले अंगणात किल्ले उभारतील, तटबंदी रचतील, बुरुजांवर मावळे ठेवतील. त्या किल्ल्याच्या पायथ्याला बोटाने एक वाटही रेखली जाते. ती कोठून येते आणि कोठे जाते, असे मुलाने विचारले तर उत्तर देता आले पाहिजे. ते उत्तर ज्यांच्यापाशी आहे ती माणसे ऐंशीच्या घरात पोहोचली आहेत. येणाऱ्या पावसाळ्याआधी त्यांच्यापर्यंत गेलेच पाहिजे.